जुनी इम्पल्स ठेवावी की नवीन गाडी घ्यावी? (सातारा–कास–बामणोलीची रोजची वाट)

कासची_वाट

मंडळी, बरेच दिवस हा विषय डोक्यात घोळतोय. घरात सगळ्यांशी बोलून झालं, आता तुमच्यासमोर ठेवतो. जरा लांबण लागेल, पण पूर्ण चित्र दिल्याशिवाय सल्ला तरी कसा मागणार?

माझ्याकडे हीरोची इम्पल्स मोटारसायकल आहे. नोंदणी मार्च २०१२, मी पहिलाच मालक. किलोमीटरचा काटा लाखाच्या जवळ आलाय. इंजिन आजवर उघडलेलं नाही. ऑइल वेळेवर, टपेट सेटिंग वेळेवर, क्लच प्लेट आणि चेन-स्प्रॉकेट बदललेत, एवढंच. सकाळी चोक ओढला की पहिल्या स्टार्टरला उठते.

काम माझं सौरपंप आणि गावच्या नळपाणी योजनांच्या मोटारी दुरुस्त करण्याचं. साताऱ्यातून निघून यवतेश्वरचा घाट चढायचा, कास, तिथून बामणोली, कधी तापोळ्याच्या तराफ्यावरून पलीकडच्या वाड्यांवर, कधी मेढ्यावरून केळघर घाट. मागे हत्यारांची पेटी आणि केबलचं वेटोळं. मुख्य रस्ता सोडला की जांभ्याची वाट लागते आणि जून ते सप्टेंबर त्या जांभ्यावर शेवाळ असतं. अशा ठिकाणी १३४ किलोची गाडी म्हणजे काय सुख असतं, ते तराफ्याच्या ओल्या पत्र्यावरून एकट्याने गाडी चढवणाऱ्यालाच कळेल. ग्राउंड क्लिअरन्स २४५ मिमी. पुढं १९ इंची चाक, मागं १७.

आता अडचण. पुढच्या शॉकअपमधून तेल गळतंय, सील बदलूनही पुन्हा गळतंय. बाजूचं प्लास्टिक तुटलंय, ते कुठे मिळत नाही. ब्रेक पुढं डिस्क, मागं ड्रम, एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी सोय) नाही. आणि पुढच्या मार्चात गाडीला १५ वर्षं होतात. जिथं नेहमी गाडी दाखवतो, त्यांनी सरळ सांगितलं, "आता हिच्यावर पैसे घालू नका."

डोळ्यासमोर तीन पर्याय आहेत: हीरोची एक्सपल्स २१०, रॉयल एनफील्डची हिमालयन ४५०, किंवा जुन्या बाजारातली हिमालयन ४११. चौथा पर्याय हीच ठेवायची. माझा जीव हिच्यात आहे हे उघड आहे, पण पोट या गाडीवर चालतं, त्यामुळे नुसत्या प्रेमावर ठरवता येणार नाही. तुमचं काय मत?

पंचगंगा_काठ

दादा, मी ४११ वरून ४५० वर गेलो, तेव्हा दोन्हींचं सांगू शकतो.

४५० म्हणजे हायवेला मन मोकळं करणारी गाडी आहे. ४५२ सीसी, ४० पीएस, सहा गिअर, लिक्विड कूल्ड. कोल्हापूर ते पुणे बायकोला मागे बसवून जातो, शंभरच्या वेगात इंजिनला कसलेही कष्ट नाहीत. ४११ ला तिथं शेवटपर्यंत पिळावं लागायचं, २४.५ बीएचपीच ती. पण ४११ ची एक गोष्ट आजही आठवते. ३२ न्यूटन मीटरचा टॉर्क चार-साडेचार हजार आरपीएमलाच मिळायचा, त्यामुळे तिसऱ्या गिअरात चढावर धकधक करत चालायची. ४५० ला टॉर्क ४० आहे, पण तो पूर्ण हवा असेल तर साडेपाच हजारापर्यंत फिरवावी लागते.

तुमच्या कामाचं वर्णन वाचून मात्र मी ४५० सुचवणार नाही. वजन १९६ किलो. वर तुमची पेटी. गगनबावड्याच्या बाजूला एका शेतवाटेवर माझी गाडी चिखलात आडवी झाली आणि कोणी येईपर्यंत मी नुसता शेजारी उभा होतो. मी हौशी माणूस, मला थांबून चालतं. तुमची पाण्याची योजना बंद पडलेली असताना तुम्हाला चालणार नाही.

शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी बदलला ते लक्षात घ्या. ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांना २८ वरून १८ टक्के झाला, त्याच्यावरच्यांना थेट ४०. म्हणजे एक्सपल्स स्वस्त झाली आणि ४५० महागली. मी घेतली तेव्हाचा हिशेब आज लागू नाही.

मिस्त्री_सांगलीचा

नमस्कार. गॅरेज माझं स्वतःचं आहे, इम्पल्स अजून तीन-चार येतात माझ्याकडे. नवीन गाडी घ्या की नको ते नंतर बघू, आधी तुमच्या गाडीला नेमकं झालंय काय ते बघू.

इम्पल्सचं १४९.२ सीसीचं इंजिन म्हणजे हंक आणि सीबीझेड एक्स्ट्रीमचंच घराणं. पिस्टन, रिंगा, टायमिंग चेन, क्लच प्लेट, व्हॉल्व्ह, सगळं मिळतं. तालुक्याच्या दुकानातसुद्धा मिळतं. त्यामुळे इंजिनाची चिंता सोडा. लाखाला आलेलं इंजिन धूर न काढता आणि खडखड न करता चालत असेल तर उगाच उघडायचं नाही. फक्त सकाळी गार असताना डाव्या बाजूला कान लावा. साखळी ओढल्यासारखा आवाज दोन-चार सेकंद येऊन जात असेल तर टायमिंग चेन आणि टेन्शनर बघायला झालंय.

अडतं ते या गाडीपुरतं बनवलेलं सामान: शॉकअपच्या नळ्या, मागचा मोनोशॉक (मागच्या चाकाचा एकच शॉकअप), लिंकेजचे बुश, टाकी, प्लास्टिक. गाडी बंद होऊन वर्षं झाली, हे सामान आता शोधावं लागतं.

तुमचं सील पुन्हा का गळतं ते सांगतो. रबरी टोपी वर सरकवा, नळी फडक्याने कोरडी पुसा आणि अंगठ्याचं नख वरून खाली फिरवा. सील जिथं खाली-वर होतं त्या चार-पाच इंचांत नख कुठंतरी अडकेल. क्रोम उडून गंजाचा खड्डा पडलेला असतो, तो नवीन सील आठ दिवसांत कापतो. सील कितीही चांगलं घाला, उपयोग नाही. नळी काढून हार्ड क्रोम करून घ्यायची आणि त्यावर ग्राइंडिंग. सांगली-कोल्हापूरला, पुण्यात भोसरीला हे काम करणारे आहेत. सरळ असेल तरच करायचं. वाकलेली नळी असेल तर दुसरी शोधायची.

आणखी एक. तुमची गाडी कार्बोरेटरची. आता पंपावर ई२० पेट्रोल येतं, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं. इंजेक्शनची गाडी सेन्सरवरून पेट्रोल थोडं वाढवून घेते, कार्बोरेटरला ते जमत नाही. जुने ओ-रिंग आणि फ्लोटबाउलचं पॅकिंग फुगतं, कडक होतं. गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर बाउलचा स्क्रू सोडून पेट्रोल काढून टाका. कार्बोरेटरचं किट एक घरात ठेवा.

गोदातीर

मिस्त्रींचं सगळं पटलं, पण ब्रेकबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते.

मी नाशिकला एक्सपल्स २०० ४व्ही चालवते. त्र्यंबक, जव्हार, इगतपुरीच्या बाजूला सतत जाणं असतं. माझी उंची पाच फूट तीन इंच, त्यामुळे सीटची उंची ८२५ मिमी ऐकूनच घरचे नको म्हणत होते. प्रत्यक्षात दोन्ही पाय टेकायची गरज नसते. सीटवर एका बाजूला सरकायचं, एक पाय पूर्ण टेकवायचा, आणि थांबायच्या आधी कुठल्या बाजूला उतार आहे ते बघायचं. आठवडाभर मोकळ्या मैदानात हाच सराव केला. (प्रो आवृत्तीची सीट ८९१ मिमी आहे, ती माझ्यासारखीसाठी नाही.)

आता मुद्दा. कासची_वाट दादा, तुम्ही पावसाळ्यात पेटी घेऊन यवतेश्वरचा घाट उतरता. मागे वजन, पुढं गळका शॉकअप, आणि डिस्कवर एबीएस नाही. शॉकअपचं तेल गळून कुठं जातं? खाली कॅलिपरवर आणि पॅडवर. शेवाळलेल्या वळणावर समोर गुरं आली आणि तुम्ही पुढचा ब्रेक जोरात धरलात तर चाक लॉक होऊन गाडी क्षणात खाली जाते, कितीही वर्षांचा हात असला तरी. माझ्या गाडीला पुढच्या चाकाला एबीएस आहे. जव्हारच्या रस्त्यावर ओल्या डांबरावर लिव्हर बोटाखाली थरथरला आणि गाडी सरळ उभी राहिली. त्या दिवसापासून या विषयावर मी कोणाशी तडजोड करत नाही.

२१० ला दोन्ही चाकांना एबीएस आहे आणि खडीवर तो मोड बदलून कमी करता येतो. मोकळ्या दगडांच्या उतारावर मागचं चाक थोडं घसरू द्यावंच लागतं, तिथं एबीएस आड येतो, म्हणून ही सोय महत्त्वाची. इंजिन २४.६ पीएस, लिक्विड कूल्ड, सहा गिअर. वजन १७० च्या आसपास. शोरूममधून चक्कर मारून आले, हायवेला माझ्या २०० पेक्षा खूपच मोकळी वाटली.

रोजच्या पोटापाण्याची गाडी असेल तर मी २१० म्हणेन. आणि निर्णय काहीही होवो, शॉकअप दुरुस्त होईपर्यंत घाट उतरू नका. हे कळकळीने सांगते.

माणदेशी

कागदपत्रांचं मी सांगतो, कारण यात ऐकीव गोष्टी फार फिरतात.

१५ वर्षं झाली म्हणजे गाडी भंगारात, असं महाराष्ट्रात नाही. दिल्लीच्या परिसरातल्या नियमाच्या बातम्या वाचून लोक इथं गाड्या मातीमोल विकून टाकतात. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि तपासणी करून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवता येते. फॉर्म २५ भरायचा. मुदत संपायच्या आधी ६० दिवसांत अर्ज करता येतो. दुचाकीची नूतनीकरण फी १,००० रुपये, वर पर्यावरण कर वेगळा. विमा आणि पीयूसी चालू पाहिजे. एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असल्याने उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवलेली पाहिजे, दुचाकीला ४५० रुपये अधिक जीएसटी. तपासणीला दिवे, हॉर्न, ब्रेक, इंडिकेटर, आरसे जाग्यावर हवेत आणि चासीचा नंबर स्पष्ट वाचता आला पाहिजे. पावसात चालणाऱ्या गाड्यांचा नंबर गंजाखाली दडतो, तो आधीच घासून, तेल लावून ठेवा.

मुदत उलटून गेल्यावर मात्र दर महिन्याला दंड वाढतो. चालढकल नको.

थर्ड पार्टी विम्याचाही फरक बघा. २०२२ साली ठरलेल्या दरांनुसार ७५ ते १५० सीसीला वर्षाला ७१४ रुपये, ३५० पर्यंत १,३६६ आणि त्यावर २,८०४. इम्पल्स १४९ मध्ये बसते. घरात ठेवायचा खर्च फार नाही.

दूरदेशी

मी मूळचा वाईचा, सध्या अमेरिकेत कोलोरॅडोला असतो. हाच वाद इथं सुझुकी डीआर६५० वाल्यांत कायम चालतो, म्हणून लिहावंसं वाटलं. ती गाडी १९९६ पासून जवळजवळ जशीच्या तशी बनते. हवा आणि तेलावर थंड होणारं इंजिन, कार्बोरेटर, १६६ किलो वजन. लोक ती विकत नाहीत याचं कारण जुन्याचं प्रेम एवढंच नाही. गेल्या पंचवीस-तीस वर्षांतलं कुठलंही सामान आजही मिळतं, आणि बाहेरच्या कंपन्यांनी स्प्रिंगपासून टाकीपर्यंत सगळं बनवून ठेवलंय.

इम्पल्सला हे भाग्य मिळालं नाही. २०११ ला आली तेव्हा आपल्याकडे अशा गाडीला गिऱ्हाईकच तयार झालेलं नव्हतं. म्हणून मी गाडीच्या वयापेक्षा सामानाकडे बघून ठरवेन. मिस्त्रींनी सांगितलेलं न मिळणारं सामान हातात असेल तर ठेवा. नसेल तर पोटासाठी तिच्यावर अवलंबून राहू नका.

कासची_वाट

सगळ्यांचे मनापासून आभार. गोदातीर ताई, तुमची पोस्ट वाचली त्याच संध्याकाळी गाडी घाटावर न्यायची बंद केली. गेले काही दिवस मेव्हण्याच्या स्कूटरवर जमेल तेवढं काम करतोय.

मिस्त्री, नखाची परीक्षा केली. उजव्या नळीला सीलच्या पट्ट्यातच दोन खड्डे आहेत, तांदळाच्या कणीएवढे. डावी स्वच्छ आहे. नळ्या काढून काचेवर लोळवून पाहिल्या, सरळ आहेत. हार्ड क्रोमला दिल्यात. कॅलिपर उघडला तर पॅड खरोखरच तेलाने काळे पडले होते, नवीन घेतले.

मधल्या काळात पंचगंगा_काठ दादा पुण्याला जाताना मुद्दाम साताऱ्यात थांबले. त्यांची ४५० आमच्या अंगणात गोणपाटावर आडवी केली आणि मी एकट्याने उचलून पाहिली. सपाट जागेवर पाठ टेकवून, हँडल पूर्ण वळवून, गुडघ्यांवर जोर घेऊन उचलली. दुसऱ्यांदा अंगणाच्या उताराकडे तोंड करून आडवी केली, तेव्हा नाही जमली. माझं वय आता पंचेचाळिशी पार. ४५० चा विषय माझ्यापुरता संपला. हायवेला ती किती भारी आहे हे मागे बसून अनुभवलं, त्यात काहीच शंका नाही.

मग २१० ची चक्कर मागितली. शोरूमवाल्यांनी एमआयडीसीत फिरवा म्हटलं, मी घाटाचा आग्रह धरला आणि त्यांचा माणूस मागे बसून आला. इम्पल्स जी वळणं दुसऱ्या गिअरात ओढते, तिथं दोघांच्या वजनाने हिला पहिल्यात टाकावी लागली. हिचा टॉर्क सात हजारांच्या पुढं आहे, इम्पल्सचा पाच हजारालाच. पण वळण सुटल्यावर जी पळते, ती इम्पल्सच्या बापजन्मी पळणार नाही. सस्पेन्शन उत्तम. उतारावर रस्त्याच्या कडेच्या बारीक खडीवर मुद्दाम ब्रेक दाबला, ताई म्हणतात तसा लिव्हर थरथरला आणि गाडी रेषेत राहिली. मागे बसलेला माणूस घाबरला, मला मात्र तिथंच बरंच काही कळलं.

एक प्रश्न मिस्त्रींना. रेडिएटर पुढं उघडा आहे. आमच्याकडे डंपरच्या मागे दगड उडतात. आणि मागचं स्प्रॉकेट दोन दातांनी मोठं बसवलं तर दुसऱ्या गिअरचं काम होईल का?

मिस्त्री_सांगलीचा

रेडिएटरला जाळी बसवून घ्या, गाडी शोरूममधून बाहेर काढतानाच. जाळीत चिखल वाळून बसला की गरम होते, त्यामुळे पावसाळ्यात दर आठवड्याला साध्या नळाच्या पाण्याने मागून पुढं धुवायची. प्रेशरचं पाणी मारायचं नाही, रेडिएटरच्या बारीक पात्या वाकतात. कूलंट कंपनीचंच.

स्प्रॉकेट आत्ताच बदलू नका. पहिली सर्व्हिस होऊ द्या, इंजिन मोकळं होऊ द्या. तुम्ही दोघं बसून घाट चढलात, पेटीचं वजन त्याच्या निम्मंही नाही. हजार किलोमीटर चालवूनही अडचण वाटली तर मागं एक दात वाढवा, दोन नको. चेनची लांबीही बघावी लागते.

जुनी विकणार की ठेवणार?

पंचगंगा_काठ

ठेवाच. विकून येणार किती? आणि तुमच्या त्या तराफ्यासाठी इतकी हलकी गाडी आज सहज मिळत नाही. तुम्ही बघितलेल्या नवीन सगळ्या दीडशेच्या पुढं. मला जुनी ४११ विकल्याचं वाईट वाटतं, आणि ती तर हलकीही नव्हती.

माणदेशी

ठेवणार असाल तर जानेवारीतच फॉर्म २५ ची तयारी करा. दुरुस्ती आत्ताच होतेय हे चांगलं आहे, तपासणीला गाडी तयार राहील.

कासची_वाट

ठरलं, म्हणून कळवतो.

२१० बुक केली. घरी खर्चाचा विषय निघाला तेव्हा बायकोने एवढंच विचारलं की ब्रेकचं ते नवीन तंत्र हिच्यात आहे ना. आहे म्हटल्यावर चर्चा संपली. सातारा, कास, मेढा, महिन्यातून एखादी पुण्याची खेप, सगळं तिच्यावर. पेटीसाठी लोखंडी कॅरिअर इथल्याच फॅब्रिकेटरकडून करून घेतोय, सीटच्या शक्य तेवढं जवळ, म्हणजे वजन मागच्या चाकाच्या पलीकडे लोंबणार नाही.

इम्पल्स विकत नाही. नळ्या क्रोम होऊन आल्या, हाताला आरशासारख्या गुळगुळीत लागतात. सील, तेल, पॅड नवीन. पुलाच्या आणि तराफ्याच्या पलीकडच्या वाड्यांची कामं तिच्यावरच करणार, आणि मार्चात पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवणार. कोणाकडे मागच्या मोनोशॉकचं लिंकेज किंवा डाव्या बाजूचं प्लास्टिक पडून असेल तर व्यक्तिगत निरोप करा, योग्य किंमत देईन.

मिस्त्री, शेवटचं एक विचारतो. हँडल सरळ धरल्यावर मधोमध किंचित अडकल्यासारखं होतं. पुढचा टायरही झिजलाय. टायर बदलला की जाईल का ते?

मिस्त्री_सांगलीचा

नाही जाणार. कोनसेट (हँडलच्या दांड्याचं बेअरिंग) गेलाय, मधोमध खड्डा पडलाय त्यात गोळ्या बसतात. शॉकअप परत बसवायच्या आधीच कोनसेट बदला, नाहीतर तेच काम पुन्हा उघडावं लागेल. टायर त्यानंतर. पुढं ९०/९०-१९ लागतो, जुन्या (२०२१ च्या आधीच्या) क्लासिक ३५० च्या पुढच्या मापाचा, कुठंही मिळेल. फक्त घेताना खडी आणि डांबर दोन्हीवर चालणारी नक्षी बघून घ्या आणि ट्यूब नवीन टाका.

गोदातीर

अभिनंदन दादा! नवीन गाडीच्या पहिल्या पावसात मोकळ्या जागेवर एबीएसचा सराव नक्की करा, सगळ्या मोडमध्ये. आणि डाव्या बाजूचं प्लास्टिक नाशिकला एका ओळखीच्या गॅरेजमध्ये पाहिल्यासारखं वाटतंय, शनिवारी जाऊन फोटो पाठवते.